निळ्या पट्ट्यांची थरथर

चंद्रिकाला ऐकू येत नाही हे सगळ्या बोळाला माहीत होतं. पण तिला दिसतं किती, हे फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या तिनं. एका शेडमध्ये चाळीस माग, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा नुसता खडखडाट. पहिली काही वर्षं घरी आल्यावरही कानात माग चालूच असायचे. मग हळूहळू ते थांबले, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं. कानाच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, आवाजानं नस मेली आहे. त्यात नवल ते काय, शेडमधल्या निम्म्या लोकांची तीच गत होती. म्हणून तर तिथं कुणी ओरडून बोलत नसे. बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. सूत तुटलं की दोन बोटं फाकवायची, मालक आला की मिशीवरून हात फिरवायचा, चहा आला की अंगठा तोंडाशी न्यायचा. शेडच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाच्या सुनेबद्दल काय बोलतंय, ते चंद्रिका कांडी बदलता बदलता बिनचूक वाचायची.

नवरा शिवलिंगप्पा होता तोवर या बहिरेपणाचं तिला काही वाटलं नाही. तिच्या वाटचं तो ऐकायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, मूलबाळ नव्हतंच, आणि चंद्रिकापुढं एकच प्रश्न येऊन उभा राहिला. पाण्याचा. सोलापुरात नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी, कधी सहाव्या. वेळ विचारायची नाही. आलं की दीड तास, आणि गेलं की पुढचे पाच दिवस नळाचं तोंड बघत बसा. बायका नळ उघडा ठेवतात आणि खाली रिकामी घागर ठेवतात. पहिली धार पडली की असा काही ठणठणाट होतो की सगळा बोळ धावत सुटतो. चंद्रिकाला त्याचा काय उपयोग? तिची खोली माडीवर, नळ खाली लोखंडी जिन्याच्या पायाशी. पहिल्याच महिन्यात तिचं दोनदा पाणी चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं तेव्हा ती जिन्यावर बसून रडली, आणि आपलं रडणं केवढ्यानं चाललंय हे तिला कळत नसल्यामुळं अख्ख्या बोळानं ते ऐकलं.

समोरच्या घरात, खालीच, दगडाबाई एकटी राहायची. सत्तरीला टेकलेली, गुडघे पार गेलेले, आणि जीभ अशी की समोरच्यानं आपलं सांभाळून असावं. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. मुलगा सिद्धनाथ करकंबला शेती बघायचा. त्या रडण्याच्या दिवशी ती बोळ ओलांडून आली, चंद्रिकाची हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं आणि म्हणाली, "गप. मला तुजा जिना चढवत न्हाय, आन दार बडवून तुला ऐकू यायचं न्हाय. दोरी बांद."

माडीच्या खिडकीवर एक झरोका होता. त्यातून नायलॉनची दोरी काढली, बोळावरून नेऊन दगडाबाईच्या दाराच्या चौकटीला आणली. तिकडच्या टोकाला एक जुनं पितळी कडं. इकडच्या टोकाला, खोलीच्या आत बरोबर खिडकीसमोर, सुताचा रिकामा कोन. कोन पुठ्ठ्याचा, वाऱ्यानं भिरभिरायचा, म्हणून त्यात एक लोखंडी नट अडकवला. पाणी आलं की दगडाबाई कडं दोनदा ओढायची आणि कोन टुणटुण नाचायचा. चंद्रिकानं इकडून एकदाच ओढायचं. एकदा म्हणजे 'कळलं'. ते आलं नाही तर दगडाबाई ओढतच राहायची. एकदा चंद्रिका मोरीत होती, तर म्हातारी पाऊण तास ओढत उभी होती, आणि मग आठ दिवस हात दुखतोय म्हणून सगळ्यांना सांगत होती. पण तीन वर्षांत चंद्रिकाचं पाणी एकदाही चुकलं नाही.

आता एवढं असताना बिनसलं कशावरून? तर गेल्या जूनमधली दुपार. दगडाबाई महेश्वरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि चंद्रिका वर खिडकीत उभी होती. म्हातारीचं तोंड नेमकं इकडं. महेश्वरला ती सांगत होती, "दर पाचव्या दिशी त्या बहिरीचं झेंगट माज्याच गळ्यात. एक दिस दोरी ओडता ओडताच माजा जीव जायचा बग."

झेंगट! चंद्रिकाला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. कुणी मागून सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता; पण तिनं स्वतः वाचलं होतं, आणि वाचण्यात तिची चूक होत नसे. त्या दिवशी ती जेवली नाही. जन्मभर कुणाचं एक पैचं मिंधेपण घेतलं नाही तिनं, आणि आता दीड तासाच्या पाण्यासाठी आपण कुणाच्या गळ्यातलं झेंगट झालो, हे काही तिच्या पोटात मावेना. दगडाबाईनं पुढच्या खेपेला दोरी ओढली, तेव्हा 'कळलं' तिनं दात ओठ खात ओढलं.

महेश्वरच्या दुकानाच्या फळीवरच एक कागद चिकटवलेला होता. 'कला, पर्यावरण आणि सेन्सर. सहा महिन्यांचा मोफत वर्ग. वयाची अट नाही.' सेन्सर म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तुमच्या घरातलं पाणी, हवा, ऊन स्वतः बोलू लागेल.' पाणी जर स्वतः बोलणार असेल, तर दगडाबाईची गरजच काय? चंद्रिकानं कागदावरचा नंबर पदराच्या गाठीसारखा मनात पक्का बांधून घेतला.

वर्ग एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा, शनिवार-रविवार. शिकवायला अंकिता नावाची अकलूजची मुलगी, पुण्यात डिझाइन शिकून आलेली. विद्यार्थी बारा, त्यातले अकरा कॉलेजातले आणि बारावी चंद्रिका, वय छप्पन्न. पहिल्या दिवशी अंकिता फळ्याकडं तोंड करून जी बोलत सुटली ती सुटलीच. चंद्रिकाला दिसत होती फक्त तिची वेणी. पाच मिनिटं तिनं सोसलं. मग बाकावर थाप मारली आणि शेडमधल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तोंड इकडं! मला वेणी वाचता येत न्हाय की."

हॉल हसला. अंकिता कानापर्यंत लाल झाली. पण पोरगी गुणाची निघाली. त्या दिवसानंतर ती चंद्रिकाकडं पाठ करून एक अक्षर बोलली नाही.

"सेन्सर म्हणजे खबऱ्या," अंकिता सांगायची. "काहीतरी बदललं की तो खबर देतो. ओलावा वाढला, उजेड कमी झाला, कुणी जवळ आलं. त्या खबरीचं आपण चित्र करायचं, बघणाऱ्याला हात लावावासा वाटेल असं."

"म्हणजे आमची पट्टीच की," चंद्रिका म्हणाली. कुठली पट्टी म्हणून सगळे तिच्याकडं वळले. मग ती उठून फळ्यापाशी गेली आणि तिनं काढून दाखवलं. मागावर एकेका सुतावर पत्र्याची एकेक पातळ पट्टी लटकत असते. सूत तुटलं की त्याची पट्टी खाली पडते, वीज जुळते आणि माग जागच्या जागी थांबतो. "अठ्ठावीस वर्षं बघितलं मी हे. त्याला सेन्सर म्हणतात व्हय? आमी आपलं पट्टी पडली म्हणायचो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला ऐकू आल्या नाहीत, पण बावीस हात एकमेकांवर आपटताना दिसले. घरी जाताना रिक्षात ती एकटीच हसत होती. शिवलिंगप्पा गेल्यानंतर आपलं काहीतरी कुणाच्या कामाला आलं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

शिकणं काही सोपं गेलं नाही, खोटं कशाला सांगा. तारा जोडायला कथलाचा डाग देताना दोनदा बोट भाजलं. कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करायची, आणि एक टिंब राहिलं की सगळं मुसळ केरात. पण जर-तरचं गणित तिच्या डोक्यात लवकर शिरलं. जर पाणी वाहिलं, तर दिवा लागेल. जर सूत तुटलं, तर माग थांबेल. एकच तर आहे.

भांडण झालं ते चित्रावरून. अंकिताचं म्हणणं, पृथ्वी काढू या, वितळणारा बर्फ काढू या. चंद्रिकानं हात झटकला. "मी बर्फ बघितलाय तो उसाच्या रसातला. आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं. तेवढंच दाखवायचं. दुसरं काय बी न्हाय." तिचा बाप हातमागावर बसायचा, त्याच्या हाताखाली ती लहानपणी विणायला शिकली होती. तिनं लाकडी चौकटीवर स्वतः कापड विणलं, दीड हात रुंद आणि पुरुषभर लांब, पांढऱ्या सुताचं. त्यात पाच आडवे पट्टे, पट्ट्यांच्या आत बारीक दिवे, आणि पाठीमागून सुताबरोबर विणलेली तांब्याची उघडी तार. खाली नळाच्या पाइपात एक चिमुकलं चाक बसवलं. पाणी आलं की चाक फिरायचं आणि पाचही पट्टे निळे व्हायचे. मग बिनपाण्याचा एकेक दिवस जाईल तसा वरून एकेक पट्टा विझायचा. आणि लागतं त्यापेक्षा जास्त पाणी वाहिलं तर शेवटचा पट्टा तांबडा. तो तांबडा पट्टा पहिल्यांदा पेटला तो तिच्याच घरात, जिना धुताना. चार बादल्या पाणी नुसतं गटारीत घालवलं होतं बाईनं. ती इतकी ओशाळली की त्यानंतर जिना तिनं ओल्या फडक्यानंच पुसला.

डिसेंबरच्या सुरुवातीला अंकिता म्हणाली, "मावशी, महिनाभर घरी चालवून बघा. काय बिघडतंय ते कळेल. गड्ड्याच्या जत्रेआधी आपलं प्रदर्शन आहे, तिथं हेच मधोमध लावायचं."

लावायचं कुठं? खोलीला भिंती चार. एकीला कपाट, एकीला मोरी, एकीला दार. राहिली खिडकीची. दिवे अंधारात खुलतात म्हणून चंद्रिकानं खिडकीची दारं लावली, कडी घातली आणि त्यावर कापड टांगलं. कोन लोंबत होता, तो तसाच मागं राहिला. आता त्याचं कामच काय होतं?

मग ती जिना उतरून दगडाबाईच्या दारात गेली. सहा महिने मनात घोळवलेलं बोलली. "आक्का, उद्यापासून दोरी ओढायची गरज न्हाय. माझी मी मशीन केलीय. तुझ्या गळ्यातलं झेंगट सुटलं बघ."

दगडाबाईचा चेहरा एकदम उतरला. तिनं तोंड उघडलं, काहीतरी बोलायलाही लागली. पण चंद्रिका तोवर वळली होती. बहिऱ्या माणसाच्या हातात तेवढं एक असतं. मान फिरवली की समोरच्यानं बोलावं आणि वाऱ्यावर सोडावं.

दोन दिवसांनी पाणी आलं. दुपारचे दोन वाजले होते, चंद्रिका भाकरी थापत होती, आणि समोर पाचही पट्टे एकदम निळे झाले. पिठाचे हात तसेच घेऊन ती कापडासमोर उभी राहिली. मी केलं, ती मोठ्यानं म्हणाली. कुणाच्या उपकाराशिवाय आपल्या घरी पाणी आल्याचं आपल्याला कळलं. तिला शिवलिंगप्पाची इतकी आठवण आली की डोळे भरून आले.

तेवढ्यात दिवे थरथरले. विझायचे, लागायचे, विझायचे, लागायचे. ती घागर घेऊन खाली पळाली, आणि पाणी भरून वर आली तेव्हा दिवे ठीक होते. पुढच्या खेपेलाही तेच. निळं होऊन मिनिटभर जातंय न जातंय तोच थरथर. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. तिनं सगळे जोड तपासले, डाग नवे दिले. मजा म्हणजे मधल्या दिवसांत कापड गुण्यागोविंदानं चालायचं. पाणी आलं की मात्र त्याच्या अंगात यायचं. अंकितानं फोनवर लिहिलं, 'कुठंतरी लूज कॉन्टॅक्ट आहे. प्रदर्शनाआधी काढावाच लागेल, नाहीतर लोक म्हणतील बिघडलंय.'

खाली नळावर दगडाबाई समोर दिसायची. चंद्रिका तिच्याकडं बघायचीच नाही. एकदा डोळ्याच्या कडेनं दिसलं की म्हातारी कमरेवर हात ठेवून हिच्याकडं बघत काहीतरी बोलतेय. चंद्रिकानं घागरीत मान घातली.

आणि मग घर फार शांत झालं. तुम्ही म्हणाल, बहिरीला शांततेचं काय? पण असते. तिची शांतता म्हणजे तिच्याकडं तोंड करून कुणी न बोलणं. शनिवार-रविवार वर्ग असायचा. सोमवार ते शुक्रवार तिनं कुणाचे ओठ वाचले नाहीत. पूर्वी संध्याकाळी ती खिडकीत उभी राहून बोळ वाचायची, कोण भाजीवाल्याशी घासाघीस करतंय, कोण नवऱ्यावर डाफरतंय. आता खिडकीवर कापड होतं. पाणी आलं की दिवे सांगायचे, गेलं की दिवे सांगायचे. दिव्यांना उलटं 'कळलं' म्हणायची सोय नव्हती. जेवताना तिचं लक्ष कापडाकडं जायचं आणि घास तोंडातच फिरायचा. आपण जिंकलो तरी असं का वाटतंय, हे तिला समजत नव्हतं. तिला एकटं वाटत होतं, साधी गोष्ट. पण ती स्वतःशीच कबूल करायला तिचा अभिमान आडवा येत होता.

चौथ्यांदा पाणी येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी चारला ती कपडे घडी करत होती. पाणी यायचा दिवस नव्हता. चार पट्टे निळे होते, आणि अचानक ते थरथरायला लागले. आतापर्यंत मिनिटभर थरथरून थांबायचे, आज थांबेचनात. ती बघत राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली. तिनं कापडाच्या कडेला एक चापट मारली. क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू. "अगं काय पाहिजे तुला!" ती ओरडली. प्रदर्शन दहा दिवसांवर आलेलं, आणि हे भूत काही उतरायचं नाव घेईना. शेवटी वैतागून तिनं प्लगच काढून टाकला. पट्टे विझले, आणि ती पुन्हा कपडे घडी करायला बसली.

बुधवारी खाली उतरली तर दगडाबाईच्या दाराला कुलूप. गेली असेल लेकाकडं, तिनं मनात म्हटलं. मला कशाला सांगेल? पण दिवसभर तिला ते कुलूप दिसत राहिलं.

शनिवारी तिनं यंत्रातलं बारकं कार्ड काढून वर्गात नेलं. दिवे कधी लागले, कधी थरथरले, सगळं त्या कार्डात साठायचं. अंकितानं लॅपटॉपवर ते उघडलं, पडदा चंद्रिकाकडं वळवला आणि नेहमीसारखं समोर तोंड करून बोलली. "हे बघा मावशी. चार वेळा पाणी आलं आणि चारही वेळा मिनिटा-दोन मिनिटांनी थरथर. कशी, बघा. दोन झटके, मग थोडं थांबतंय. पुन्हा दोन झटके, पुन्हा थांबतंय. लूज कॉन्टॅक्ट इतका शिस्तीत नसतो हो. आणि हा मंगळवार. पाणी नाही, काही नाही, आणि अकरा मिनिटं सलग तेच. दोन आणि थांबणं, दोन आणि थांबणं. मग एकदम बंदच झालं."

"मीच प्लग काढला," चंद्रिका म्हणाली.

बोलता बोलता तिचा हात बाकावर हलत होता. दोन झटके, थांब. दोन झटके, थांब. तिनं आपल्या हाताकडं बघितलं. अंकिता पुढं काय बोलत होती ते तिला दिसलंच नाही. पिशवी उचलून ती निघाली.

घरी आली, चपलाही न काढता खुर्चीवर चढली आणि कापड खाली उतरवलं. विणकराच्या पोरीनं करावं तेच केलं, कापड उलटं केलं. कापडाची खरी गोष्ट पाठीवर असते, बाप म्हणायचा. पाठीवर, मधोमध, वीतभर लांबीचा एक पट्टा घासून घासून पिंजला होता. सूत फुललं होतं, आणि तिथली तांब्याची तार चकचकीत झाली होती. तिनं वर बघितलं. बंद खिडकीसमोर कोन लोंबत होता. नटाच्या कडेला पांढरं सूत अडकलं होतं.

ती तिथंच जमिनीवर बसली. म्हातारी ओढत होती. गरज नाही सांगितल्यावरही, दर पाण्याला, दारात उभी राहून ओढत होती. आणि आपण आपल्या हातानं विणलेल्या कापडाआड तिला झाकून ठेवलं होतं. तिनं तीन आठवडे 'कळलं'ची वाट बघितली, आणि आपण लूज कॉन्टॅक्ट म्हणून शिव्या घातल्या. मंगळवारी चारला तर चापट मारली. चंद्रिकानं कोन छातीशी धरला आणि रडली, पुन्हा सगळ्या बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग तिनं खिडकी उघडली. समोर कुलूप, आणि चौकटीला लटकलेलं पितळी कडं. तिनं दोरी एकदा ओढली. कडं हललं आणि बंद दारावर आपटलं. आवाज झाला असेल.

संध्याकाळी अंकिताचा मेसेज आला, 'फॉल्ट सापडला का?'

चंद्रिकानं एका बोटानं लिहिलं, 'सापडला. पण काढायचा नाही. प्रदर्शनात दोरीसकट लावायचं. लोकांना ओढू दे.'

रविवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी एक टेम्पो लागला. चंद्रिका वर्गाला गेलीच नव्हती, उघड्या खिडकीत बसून होती. तिला दगडाबाईच्या दाराचं कुलूप काढताना सिद्धनाथ दिसला. ती खाली उतरेपर्यंत त्यानं पिठाचा डबा आणि कॉट बाहेर काढली होती. तिला बघून त्यानं हात जोडले, आणि ती नीट वाचेल असा सावकाश बोलला. त्याच्या आईनं शिकवलं असणार.

"मावशी, तुमचे लई उपकार झाले बगा. दोन वर्सं मी आईला न्यायला येतोय. गुडघे असले, हितं एकटी, काय झालं तर कोण बगायचं? पण दर खेपेला तिचं एकच. 'समोरच्या चंद्रीला पाणी कोण सांगंल?' मी म्हणायचो, शेजारीपाजारी सांगतील की. तर म्हणायची, 'न्हाय, तिला दुसऱ्या कुणाची दोरी कळायची न्हाय.' आता तुमी मशीन केली, तवा कुटं ती गाडीत बसायला तयार झाली."

चंद्रिकानं जिन्याचा कठडा धरला. "मंगळवारी," ती म्हणाली. "चार वाजता."

"व्हय, तवाच निगालो की. गाडी चालू करून मी हुबा. आई म्हणली, थांब, तिला सांगून येते, आन ही दोरी धरून बसली. मी म्हणलं, मी वर जाऊन सांगतो. तर म्हणली, नको, ती ओडंल हिकडनं. तिचं 'कळलं' आल्याबिगर न्हाय निगायचं. ऊन हाय, पाय थरथरत्यात, तरी ओडतीय आपली. मग आपसूकच म्हणली, चल. आता तिला कशाला माजी दोरी?" सिद्धनाथ हसला. "वाटंत रडली जरा. म्हातारं माणूस, घर सोडलं की रडतंयच."

चंद्रिकानं खूण केली, फोन लाव. तोंड दिसतंय तसला.

सिद्धनाथनं व्हिडिओ लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर एक पत्र्याचं छत आलं, एक पंखा आला, मग दगडाबाईचं कपाळ आणि त्यावरचं हिरवं गोंदण. बस, तेवढंच. म्हातारीनं फोन भलताच वर धरला होता. कपाळ हलत होतं, म्हणजे ती बोलत होती, पुष्कळ बोलत होती. पण ओठ काही दिसेनात. सिद्धनाथ बाजूनं ओरडून सांगत होता, खाली धर, खाली धर. कपाळ आणखीच मोठं झालं.

"आक्का!" चंद्रिका ओरडली. दुकानातून महेश्वर बाहेर आला. "आक्का, तू ओढत होतीस! दर खेपेला ओढत होतीस! मला दिसलं न्हाय गं, मी खिडकीवर कापड लावलं होतं! मंगळवारी मीच प्लग काढला! मला कळलं न्हाय!"

कपाळ हलायचं थांबलं. पडदा डगमगला, पंखा दिसला, छत दिसलं. मग खालून एक हात वर आला, सुरकुतलेला, हिरव्या बांगड्या नसलेला. त्याची मूठ वळली, आणि त्या मुठीनं हवेतली दोरी खाली ओढली. दोनदा.

चंद्रिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काही उचलवत नव्हता. मूठ थांबली. पुन्हा दोनदा ओढली. थांबली. पुन्हा दोनदा. उत्तर आलं नाही तर ती ओढतच राहणार होती.

चंद्रिकानं मूठ वर केली आणि एकदाच खाली ओढली.